भूस्वर्गकल्पना व मुळशी

भूस्वर्ग : परलोकात नव्हे, तर या पृथ्वीवरच, परंतु दुर्गम पर्वत, अरण्ये किंवा समुद्र यांच्या पलीकडे कोठेतरी वसलेला, जरा, रोग, दुष्काळ व कलह यांपासून मुक्त असा कल्पित प्रदेश. स्वर्गाप्रमाणे तो मृत्यूनंतर प्राप्त होत नाही आणि सुवर्णयुगाप्रमाणे तो भूतकाळात हरपलेलाही नसतो. तो आज अस्तित्वात आहे, मात्र तेथपर्यंत जाणारी वाट सापडत नाही, अशी श्रद्धा त्यामागे असते. जगातील बहुतेक प्राचीन संस्कृतींत ही कल्पना कोणत्या ना कोणत्या रूपात आढळते. आधुनिक काळात ती ललित साहित्य, चित्रपट, पर्यटन आणि जमिनीचा व्यापार या क्षेत्रांत शिरली. महाराष्ट्रात तिच्या या उत्तरकालीन रूपाचा परिणाम जितका पुणे जिल्ह्याच्या मुळशी तालुक्यावर झाला, तितका क्वचितच अन्यत्र झाला असेल. त्यामुळे प्रस्तुत नोंदीत कल्पनेचा सामान्य इतिहास थोडक्यात सांगून मुळशीच्या खोऱ्यांचा विचार विस्ताराने केला आहे.

भारतीय परंपरेत भूस्वर्गाचे सर्वांत जुने व ठळक उदाहरण म्हणजे उत्तरकुरू हा प्रदेश. ऐतरेय ब्राह्मणात तो हिमालयाच्या पलीकडे असल्याचा उल्लेख असून ते देवक्षेत्र आहे व मर्त्य मानवाला ते जिंकता येत नाही, असे म्हटले आहे. रामायणाच्या किष्किंधाकांडात सीतेच्या शोधासाठी उत्तरेकडे निघालेल्या वानरांना सुग्रीव या प्रदेशाची माहिती देतो. तेथील वृक्षांना केवळ फळेच नव्हे, तर वस्त्रे आणि अलंकारही लागतात. महाभारताच्या सभापर्वातील प्रसंग अधिक अर्थपूर्ण आहे. उत्तरदिग्विजयास निघालेला अर्जुन या प्रदेशाच्या सीमेपाशी पोहोचतो, तेव्हा द्वारपाल त्याला नम्रपणे अडवितात. येथे युद्ध होत नाही आणि आत प्रवेश केला, तरी मानवी देहाने येथले काही दिसणार नाही, असे ते सांगतात. अर्जुन करभार घेऊन परत फिरतो. भूस्वर्गाच्या सीमेवर पहारा असतो व आत कोणी यावे हे आतल्यांनी ठरवायचे असते, हा विषय येथे प्रथमच स्पष्टपणे येतो. ग्रीक भूगोलज्ञ टॉलेमी (इ. स. दुसरे शतक) याच्या ग्रंथात आढळणारे ऑटोरोकोरा हे नाव उत्तरकुरूचेच रूपांतर मानले जाते.

बौद्ध वाङ्मयातील उत्तरकुरूचे वर्णन निराळ्या कारणाने लक्षात घेण्यासारखे आहे. दीघनिकायातील आटानाटिय सुत्तानुसार तेथील लोक ‘माझे’ असे काही मानीत नाहीत. त्यांना परिग्रह नाही. ते नांगर धरीत नाहीत, बी पेरीत नाहीत. न नांगरलेल्या भूमीत भात आपोआप पिकतो व त्याला कोंडा नसतो. ज्या समाजाचे सारे वर्ष भाताच्या खाचरात कंबर मोडण्यात जात होते, त्या समाजाच्या मनातील सुखाची ही व्याख्या आहे. जैन भूगोलात देवकुरू व उत्तरकुरू यांची गणना भोगभूमींत होते. तेथे कल्पवृक्ष सर्व गरजा भागवितात आणि श्रमाचे प्रयोजनच उरत नाही. याउलट भारतवर्ष ही कर्मभूमी आहे, असे पुराणांनी मानले. येथे जन्म मिळावा म्हणून देवही झुरतात, असे विष्णुपुराणात सांगितले आहे. म्हणजे भोगभूमी रम्य असली, तरी श्रेष्ठत्व कर्मभूमीचेच. ही जोडी पुढील विवेचनात उपयोगी पडेल.

पुराणांत कलापग्राम हेही एक गुप्त स्थळ येते. देवापी व मरू हे दोन राजर्षी तेथे योगबलाने राहून कलियुगाच्या अंताची वाट पाहत आहेत, अशी कथा आहे. कल्कीचे जन्मस्थान म्हणून सांगितलेले शंभल हे नाव अकराव्या शतकाच्या सुमारास कालचक्रतंत्रात एका हिमवेष्टित राज्याचे नाव बनले आणि तिबेटी परंपरेतून ते पुढे यूरोपपर्यंत गेले.

यूरोपीय भाषांत स्वर्गोद्यानासाठी रूढ असलेल्या शब्दाचे मूळ प्राचीन इराणी ‘पइरिदएझ’ या शब्दात आहे. त्याचा मूळ अर्थ ‘भोवती भिंत घातलेले आवार’ एवढाच. इराणी सम्राटांच्या शिकारीच्या व विहाराच्या उपवनांना ग्रीक लेखक झेनोफन याने हाच शब्द वापरला आणि बायबलच्या ग्रीक भाषांतरकारांनी तो ईडनच्या बागेसाठी घेतला. भिंत ही अशा प्रकारे या कल्पनेच्या व्युत्पत्तीतच आहे. हीसिअडने वर्णिलेली पुण्यवंतांची बेटे, उत्तरवाऱ्यापलीकडे राहणाऱ्या हायपरबोरियन लोकांचा देश, बाराव्या शतकात यूरोपभर फिरलेल्या एका बनावट पत्रातील प्रेस्टर जॉनचे पौर्वात्य ख्रिस्ती राज्य, दक्षिण अमेरिकेतील एल डोराडो ही सर्व या एकाच कुळातील. टॉमस मोरने १५१६ मध्ये आपल्या ग्रंथाच्या शीर्षकासाठी घडविलेला ‘युटोपिया’ हा शब्द ग्रीकमध्ये ‘कोठेही नसलेले स्थळ’ असा अर्थ देतो व उच्चारसाम्यामुळे ‘उत्तम स्थळ’ असाही भास निर्माण करतो. त्याच ग्रंथाच्या पहिल्या भागात, इंग्लंडमधील जमीनदार लोकरीच्या लोभाने शेते कुंपणात घालून कुळांना हुसकावीत असल्याची कडवट तक्रार आहे. आदर्श बेटाचे वर्णन वाचणाऱ्यांपैकी फार थोडे लोक या भागाकडे लक्ष देतात.

चिनी कवी ताओ युआनमिंग (३६५–४२७) याची पीचवृक्षांच्या झऱ्याची कथा या सर्वांत साधी आणि कदाचित सर्वांत हृद्य आहे. एक कोळी ओढ्याच्या उगमाकडे जाता जाता डोंगरातील फटीतून एका खोऱ्यात उतरतो. तेथे शेते आहेत, तुतीची झाडे आहेत, कोंबड्या-कुत्र्यांचे आवाज आहेत. पूर्वीच्या जुलमी राजवटीतून पळून आलेल्यांचे वंशज तेथे नांदत आहेत आणि बाहेर कोणता राजवंश आला व गेला हे त्यांना ठाऊक नाही. या भूस्वर्गात चमत्कार काहीच नाही. लोक शेतात राबतातच. मात्र पीक आल्यावर राजाचा सारा द्यावा लागत नाही. बाहेर पडलेला कोळी खुणा करीत येतो व अधिकाऱ्याला बातमी देतो, परंतु नंतर ती वाट कोणालाही सापडत नाही. खोऱ्याच्या दृष्टीने हे भाग्यच म्हटले पाहिजे.

विसाव्या शतकात या कल्पनेला सर्वांत प्रसिद्ध नाव दिले ते इंग्रज कादंबरीकार जेम्स हिल्टन (१९००–५४) याने. त्याच्या लॉस्ट होरायझन (१९३३) या कादंबरीत कुन्‌लुन पर्वतातील एका खोऱ्यावर शांग्री-ला नावाचा मठ आहे. तेथे माणसे दीर्घायुषी होतात. ग्रंथालय, संगीत व पाश्चात्त्य स्नानगृहे अशा सर्व सोयी आहेत. मठाचा प्रमुख मूळचा यूरोपीय धर्मप्रचारक आहे. खाली खोऱ्यात शेती करणारे, ओझी वाहणारे आणि मठाला अन्न पुरविणारे हजारो स्थानिक लोक मात्र कादंबरीत जवळजवळ अबोल आहेत. पहिल्या महायुद्धाने पोळलेल्या व दुसऱ्याच्या छायेत वावरणाऱ्या वाचकवर्गाला ही कादंबरी भावली. १९३७ मध्ये फ्रँक काप्राने तिच्यावर चित्रपट काढला. अमेरिकेचे राष्ट्राध्यक्ष रूझवेल्ट यांनी १९४२ मध्ये आपल्या डोंगरातील विश्रामस्थळाला शांग्री-ला हे नाव दिले होते. पुढे ते कॅम्प डेव्हिड झाले. हळूहळू हे नाव उपाहारगृहे व प्रवासी संस्था यांच्या पाट्यांवर आले आणि २००१ मध्ये चीनने युनान प्रांतातील जुंगदियन या परगण्याचेच नाव अधिकृतपणे शांग्री-ला असे केले. कल्पित स्थळाला नकाशात जागा मिळाली व पर्यटकांची रीघ लागली.

मराठी परंपरेचा कल मात्र दूरच्या भूस्वर्गाकडे फारसा नव्हता. वारकरी संप्रदायाने पंढरीलाच भूवैकुंठ म्हटले. ते दुर्गम नाही. वाट सर्वांना ठाऊक आहे, दरवर्षी लाखो लोक ती पायी तुडवितात आणि दाराशी पहारेकरी नाही. (दारातील प्रवेशाचा प्रश्न अस्पृश्य मानलेल्यांच्या बाबतीत १९४७ पर्यंत, साने गुरुजींच्या उपोषणापर्यंत, अनुत्तरित राहिला, हेही येथेच नमूद केले पाहिजे.) शेतकऱ्यांच्या घरी दिवाळीत ओवाळताना बळीचे राज्य परत येवो, अशी इच्छा व्यक्त होते. तो भूस्वर्ग दुसऱ्या देशात नाही, तर याच भूमीवर होता व येणार आहे, अशी ही श्रद्धा असून महात्मा फुले यांनी गुलामगिरी (१८७३) या ग्रंथात तिला सामाजिक अर्थ दिला. मराठी बोलीत ‘नंदनवन करणे’ हा वाक्‌प्रचार इंद्राच्या उपवनावरून आला. ओसाड जागी कष्टाने हिरवळ आणणे असा त्याचा प्रशस्त अर्थ आहे. त्यात एक गृहीत दडलेले असते : ती जागा आधी ओसाड होती.

दूरच्या, उंचावरच्या, थंड हवेच्या भूस्वर्गाची ओढ महाराष्ट्रात आणली ती इंग्रजी राजवटीने. मुंबईचा गव्हर्नर सर जॉन माल्कम याच्या पुढाकाराने महाबळेश्वरचे ठाणे वसले; त्यासाठी १८२९ मध्ये साताऱ्याच्या छत्रपतींबरोबर गावाची अदलाबदल करण्यात आली. ठाण्याचा कलेक्टर ह्यू मॅलेट याने १८५० मध्ये माथेरानचा ‘शोध’ लावला, असे पुस्तकांतून सांगितले जाते; तेथील ठाकर व कातकरी यांना ते ठिकाण अर्थातच आधीपासून माहीत होते. गिरिस्थान म्हणजे उष्ण, रोगट मैदानापासून सुटका, दाट झाडी, तलाव, पश्चिमी धाटणीची घरे आणि निवडक शेजार, हे चित्र शहरी सुशिक्षितांच्या मनात रुजले. स्वातंत्र्यानंतर माणसे बदलली, चित्र तेच राहिले.

मुळशी तालुका सह्याद्रीच्या मुख्य रांगेला लागून पुण्याच्या पश्चिमेस आहे. पौड हे त्याचे मुख्य ठिकाण. मुळा, निळा, मुठा, मोसे या नद्यांच्या खोऱ्यांनी त्याचा भूप्रदेश घडविला आहे. शिवकालातील मावळांपैकी काही खोरी याच भागात मोडतात. मोसे खोऱ्याचे देशमुख बाजी पासलकर हे शिवछत्रपतींच्या आरंभीच्या सहकाऱ्यांपैकी होते. कोरीगड, घनगड, तैलबैला, कैलासगड ही घाटवाटांवर नजर ठेवणारी दुर्गम ठिकाणे याच तालुक्यात आहेत. ताम्हिणी घाटाच्या परिसरात पावसाचे प्रमाण राज्यात फार मोठे आहे. चार महिने धुके व धारा, नंतर हिरवे उतार, ओढे आणि मोजकी वस्ती. बाहेरून येणाऱ्याला येथे भूस्वर्गाचा आभास व्हावा, हे स्वाभाविक आहे. आत राहणाऱ्याचा अनुभव वेगळा होता. पावसाळ्यात वाटा बंद पडत, उतारावर नाचणी-वरईसारखी हलकी पिके निघत, सावकाराचे कर्ज सुटत नसे. खोऱ्याच्या तळाशी असलेली भातखाचरे हाच खरा आधार. मावळातील आंबेमोहोर तांदळाचा लौकिक याच खाचरांतून झाला. आटानाटिय सुत्तातील भाताप्रमाणे तो आपोआप पिकत नाही. राब भाजणे, चिखलणी, लावणी, बांधबंदिस्ती अशी मेहनत त्यामागे असते. मुळशीत घडलेल्या सर्व संघर्षांचे मूळ खोऱ्याच्या तळाशी असलेल्या या जमिनीत आहे, कारण बांध घातला की प्रथम पाण्याखाली जाते ती तीच.

मुंबईच्या कापडगिरण्यांना कोळशाऐवजी जलविद्युत पुरवावी, ही जमशेटजी टाटा यांची योजना त्यांच्या मृत्यूनंतर साकार झाली. लोणावळा परिसर (खोपोली) व आंध्र खोरे यांनंतर तिसरी योजना मुळा-निळा संगमाजवळ धरण बांधून पाणी पश्चिमेकडे वळविण्याची व कोकणात भिरा येथे सु. ५०० मी. खाली सोडून वीज निर्माण करण्याची होती. त्यासाठी १९१९ मध्ये टाटा पॉवर कंपनी स्थापन झाली. वीज, धूर नसलेले आकाश व रात्रंदिवस चालणारे कारखाने, हाही त्या काळचा एक भूस्वर्गच होता आणि त्याच्या पुरस्कर्त्यांच्या हेतूविषयी शंका घेण्याचे कारण नाही. तथापि त्यासाठी सु. ५० गावे व सु. ११ हजार लोक विस्थापित होणार होते. जमीन रीतसर संपादन होण्यापूर्वीच शेतांत चाचणीचे खड्डे खोदण्यास सुरुवात झाली, तेव्हा असंतोष उफाळला. विनायकराव भुस्कुटे यांनी गावोगाव फिरून लोकांना संघटित केले आणि १६ एप्रिल १९२१ रोजी, रामनवमीच्या दिवशी, सत्याग्रह सुरू झाला. मावळे व त्यांचे पाठीराखे कामाच्या जागी जाऊन बसले. महात्मा गांधींनी यंग इंडियातून सत्याग्रहींना पाठिंबा देऊन टाटांना पुनर्विचाराचे आवाहन केले. काही काळ काम थांबले, पण योजना रद्द झाली नाही.

काम पुन्हा सुरू होताच १९२१ च्या अखेरीस सत्याग्रहाचे दुसरे पर्व सुरू झाले व त्याचे नेतृत्व पांडुरंग महादेव बापट (१८८०–१९६७) यांच्याकडे आले. बापट यांना सेनापती ही लोकांनी दिलेली पदवी याच लढ्यातील. तुरुंगवास, दंड, मारहाण हे सर्व सत्याग्रहींनी सोसले. याच सुमारास विरोधकांतील मूळचा भेद उघड झाला. खोऱ्यातील बऱ्याच जमिनींची मालकी पुण्यातील सावकार-जमीनदारांकडे गेली होती. सरकारने १८९४ च्या भूसंपादन कायद्यान्वये जमिनी घेऊन भरपाई देऊ करताच त्यांच्यापैकी अनेकांचा कल भरपाईची रक्कम वाढवून घेण्याकडे झाला. कसणाऱ्या कुळाला त्या रकमेत स्थान नव्हते. त्याच्या दृष्टीने प्रश्न किमतीचा नव्हताच. बापट हे अखेरपर्यंत या दुसऱ्या बाजूने उभे राहिले. सर्व मार्ग खुंटल्यावर १९२४ मध्ये त्यांनी कामावरील मजुरांची आगगाडी अडविली. त्याबद्दल त्यांना सात वर्षांची शिक्षा झाली. लढा तेथेच विझला. धरण पुरे होऊन १९२७ मध्ये भिरा येथील वीजकेंद्र सुरू झाले. राजेंद्र व्होरा यांनी आपल्या अभ्यासग्रंथात या लढ्याची गणना जगातील आद्य धरणविरोधी चळवळ म्हणून केली असून, त्यातील जमीनदार व कुळे यांच्या हितसंबंधांतील तफावत त्यांनीच साधार उलगडून दाखविली. [⟶ बापट, सेनापति].

सत्याग्रहाच्या प्रचारानेही खोऱ्याला एक प्रकारचे आदर्श रूप दिले होते. स्वराज्य मिळविणाऱ्या मावळ्यांची ही पवित्र भूमी, असे तिचे चित्र रंगविले गेले. कर्ज, अज्ञान व हलाखी यांचा त्यात विशेष उल्लेख नसे. चित्र उदात्त होते व लढ्याला त्याचे बळ मिळाले. पण नंतरच्या पिढ्यांच्या स्मरणात मुळशी उरली ती या चित्रातील. धरणाखाली गेलेल्या गावांतील माणसे डोंगरउतारावर व अन्यत्र कशी पांगली, कशी जगली, याच्या नोंदी त्यामानाने फार थोड्या आहेत. पाण्यावर शांत पसरलेला मुळशीचा जलाशय विसाव्या शतकाच्या उत्तरार्धात सहलींचे स्थळ बनला. भातखाचरे बुडवून तयार झालेले सरोवर आता ‘निसर्ग’ म्हणून पाहिले जाऊ लागले.

पुढील अध्याय महाराष्ट्र शासनाच्या १९९६ च्या गिरिस्थानविषयक विशेष नियमावलीपासून सुरू होतो. सह्याद्रीच्या उंच भागांत खाजगी भांडवलातून नवी थंड हवेची ठिकाणे उभारण्यास तिने वाट करून दिली. कोरीगडाच्या पायथ्याशी, आंबवणे परिसरात, सहारा उद्योगसमूहाने सु. १० हजार एकरांवर अँबी व्हॅली ही विलासनगरी वसविली. तलाव, गोल्फचे मैदान, विमानांसाठी धावपट्टी आणि प्रवेशद्वारावर कडक पहारा, ही तिची वैशिष्ट्ये. गुंतवणूकदारांच्या पैशांच्या वसुलीसंबंधीच्या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने २०१७ मध्ये तिच्यावर जप्ती आणून लिलावाचा आदेश दिला.

त्याहून महत्त्वाकांक्षी प्रकल्प मोसे खोऱ्यात झाला. वरसगाव धरणाने (वीर बाजी पासलकर जलाशय) या खोऱ्यातील शेते व गावे आधीच पाण्याखाली घेतली होती. त्या जलाशयाच्या वरच्या अंगाच्या डोंगराळ प्रदेशातील १८ गावे शासनाने २००१ मध्ये गिरिस्थान क्षेत्र म्हणून जाहीर केली. चीनमधील परगण्याचे नामांतर झाले ते हेच वर्ष, हा योगायोग. हिंदुस्तान कन्स्ट्रक्शन कंपनीच्या पुढाकाराने येथे सु. १० हजार हेक्टरांवर लवासा हे शहर आखण्यात आले. पाच उपनगरे व लाखांच्या घरात लोकसंख्या असा त्याचा आराखडा होता. दासवे येथील पहिल्या नगराची बांधणी इटलीतील पोर्तोफीनो या बंदराच्या धर्तीवर, पाण्याकाठच्या रंगीत घरांच्या ओळीने करण्यात आली. लवासा हा शब्द कोणत्याही स्थानिक नावावरून आलेला नाही. व्यापारी नावे तयार करणाऱ्यांनी तो केवळ नादमाधुर्यासाठी घडविला. दासवे, मुगाव, धामणओहोळ या नावांना ओढे, देवस्थाने आणि पिढ्यांची ओळख चिकटलेली होती. नव्या नावाला भूतकाळ नव्हता, आणि विक्रीच्या दृष्टीने हाच त्याचा गुण होता. हिल्टनच्या मठाचे नावही असेच घडविलेले होते.

जाहिरातींतून दिसणारे खोरे रिकामे होते. प्रत्यक्षात तेथे धनगर, कातकरी, मराठा अशी वस्ती होती. सीलिंगची जमीन, वरसगाव धरणासाठी घेतलेली जमीन, आदिवासींची जमीन यांचे व्यवहार कसे झाले, यासंबंधी गंभीर तक्रारी ग्रामस्थांनी व जन आंदोलनांच्या राष्ट्रीय समन्वयाने केल्या. मेधा पाटकर यांनी त्या सातत्याने मांडल्या. व्यवहार कायदेशीर असल्याचा आणि रोजगार, रस्ते व शाळा यांचा लाभ खोऱ्याला झाल्याचा कंपनीचा दावा होता. दोन्ही बाजूंच्या म्हणण्यात कमीअधिक तथ्य असू शकते. परंतु सातबाऱ्यावर ज्याचे नावच नाही, अशा कसणाऱ्याचा प्रश्न १९२१ प्रमाणे याही वेळी बाजूलाच पडला. केंद्रीय पर्यावरण मंत्रालयाने नोव्हेंबर २०१० मध्ये आवश्यक परवानगी नसल्याच्या कारणावरून बांधकाम थांबविले. राज्याची परवानगी पुरेशी आहे, असा कंपनीचा युक्तिवाद होता. वर्षभराने, नोव्हेंबर २०११ मध्ये, सु. २ हजार हेक्टरांच्या पहिल्या टप्प्याला अटींसह मान्यता मिळाली. पण तोवर कर्जाचा भार वाढला होता व ग्राहकांचा विश्वास उडाला होता. कंपनीला दिलेला विशेष नियोजन प्राधिकरणाचा दर्जा राज्य शासनाने २०१७ मध्ये काढून घेतला. ऑगस्ट २०१८ मध्ये राष्ट्रीय कंपनी कायदा न्यायाधिकरणाने नादारीची कार्यवाही दाखल करून घेतली.

अँबी व्हॅली व लवासा यांच्या रचनेत जुन्या भूस्वर्गकल्पनेची बहुतेक लक्षणे सापडतात. दुर्गमता आहे, पण ती मोटारीने काही तासांत ओलांडता येते. पहारा आहे, अर्जुनाला अडविणाऱ्या द्वारपालांची जागा गणवेशातील रखवालदारांनी घेतली आणि त्यांपैकी पुष्कळ जण त्याच खोऱ्यातील होते. श्रमापासून मुक्तता आहे. मात्र भोगभूमीत कल्पवृक्ष जे करीत, ते येथे स्वयंपाकी, माळी व सफाई कामगार करतात. एक लक्षण तेवढे नाही. बौद्ध उत्तरकुरूत ‘माझे’ हा शब्द नव्हता, येथे सर्व रचना त्या एका शब्दावर उभी आहे. या दोन वसाहतींना अपवाद समजण्याचे कारण नाही. मुळा, पवना व मुठा यांच्या काठी लहानमोठ्या शेकडो वसाहती, विश्रामधामे, आरोग्यकेंद्रे व ‘दुसरी घरे’ उभी राहिली आणि त्यांच्या नावांत स्वर्ग, नंदन, वृंदावन हे शब्द वारंवार येतात.

तालुक्याच्या पूर्व टोकाला हिंजवडी येथे माहिती तंत्रज्ञान उद्यान उभे राहिल्यापासून जमिनींचे भाव झपाट्याने चढले. गुंठ्यागुंठ्याने विकलेल्या शेतांचा पैसा गाड्या, लग्नसमारंभ व निवडणुका यांत संपला. काही तरुण दलालीत, काही गुन्हेगारीत ओढले गेले. प्रवीण तरडे यांनी दिग्दर्शित केलेल्या मुळशी पॅटर्न (२०१८) या चित्रपटाचा हाच विषय आहे. जमीन विकून भिकेला लागलेला बाप व हाती शस्त्र घेणारा मुलगा यांची ती कथा काहीशी भडक असली, तरी मराठी प्रेक्षकांनी ती उचलून धरली. चित्रपटाच्या नावातील तालुक्याचे नाव पुढे वृत्तपत्रांत एका सामाजिक दुखण्याचे नाव म्हणून वापरले जाऊ लागले. याबद्दल तालुक्यातील काहींनी नापसंती दाखविली, तीही समजण्यासारखी आहे. मुळशी या नावाशी पूर्वी जोडलेला शब्द सत्याग्रह हा होता.

मुळशी जलाशयाचे पाणी १९२७ पासून पश्चिमेकडे, विजेसाठी जाते. पुणे व पिंपरी-चिंचवड यांची वाढ होत गेली, तशी ते पूर्वेकडे पिण्यासाठी सोडावे, अशी मागणी वारंवार पुढे आली. पाण्याच्या या नव्या वाटपाची चर्चा होताना धरणकाठच्या वाड्यावस्त्यांच्या स्वतःच्या पाण्याचा व गावठाणांचा विषय बहुधा शेवटी येतो.

लवासा येथे दासवेची घरे, पूल व पाण्याकाठचा रस्ता उभा आहे. काही कुटुंबे तेथे राहतात व सुट्टीच्या दिवशी प्रवासी येतात. अनेक इमारती अर्धवट राहून पावसाने काळवंडल्या. जुलै २०२३ मध्ये न्यायाधिकरणाने एका कंपनीची पुनर्रचनेची योजना मंजूर केली होती. जुलै २०२४ मधील अतिवृष्टीत उतारावरील दरड कोसळून बंगले ढिगाऱ्याखाली गेले. त्याच वर्षीच्या सप्टेंबरात, ठरलेली रक्कम न भरल्यामुळे, मंजूर योजना रद्द करण्यात आली व खोऱ्यासाठी पुन्हा नवा खरेदीदार शोधण्याचे काम सुरू झाले.